सपाट रेघेचा अर्थ

आलेखातली रेघ वर चढू लागली की मुलांना तिथे डोंगर दिसतो. एकतीस वर्षं मी पदार्थविज्ञान शिकवलं आणि एकतीस वर्षं या एका डोंगरापायी डोकं फोडून घेतलं. फळ्यावर वेळ आणि अंतर यांचा साधा आलेख काढायचा, रेघ आधी वर, मग सपाट, मग पुन्हा वर, आणि विचारायचं, सांगा, या माणसाचं काय झालं? लगेच हात वर होतात. 'मॅडम, तो चढ चढला, मग सपाटीवर चालला, मग पुन्हा चढ लागला.' अरे, चढ आणला कुठून? आडव्या रेघेवर वेळ लिहिली आहे, उभ्या रेघेवर अंतर लिहिलं आहे, रस्ता कुठे लिहिलाय? सपाट रेघ म्हणजे वेळ पुढे जातेय आणि अंतर तिथंच आहे, म्हणजे माणूस थांबलाय. हे समजावता समजावता माझा घसा बसायचा. निवृत्त झाले, तर आता नातू वही घेऊन येतो आणि तोच डोंगर दाखवतो. मी चिडते. सून म्हणते, आई, पोरगा आहे, शिकेल. शिकेल, पण मी चिडणार. कारण त्या रेघेचं उत्तर मी एकदा अगदी बरोबर दिलं होतं आणि त्याची आठवण आली की माझा स्वतःवरचाच राग अजून खाली बसत नाही.

मी तेव्हा घाटंजीला नववीत होते. आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याला तीन-चार वर्षं झाली असतील. गावचे देव घरातून गेले होते, मेलेली जनावरं ओढायचं काम बाबांनी सोडलं होतं, आणि त्या जागी शिक्षण येऊन बसलं होतं. कापसाच्या हंगामात बाबा जिनात हमाली करायचे. पावसाळ्यात जिन बंद, तेव्हा ते अंबाडीच्या सुतळीने लोकांच्या बाजा विणायचे. आमच्या घराला त्या दिवसांत अंबाडीचाच वास. बाहेर सुतळी, आत चुलीवर अंबाडीची भाजी, तिच्यात मूठभर कण्या आणि वर लाल मिरचीचा ठेचा. समोरच्या गल्लीतली चक्की सकाळपासून पुक पुक करायची आणि त्या ठेक्यावर बाबा पीळ घालायचे. मी उंबऱ्यात बसून मोठ्याने वाचायचे, कारण मोठ्याने वाचलं नाही तर पोरगी वाचते आहे यावर बाबांचा विश्वास बसत नसे. 'वाच वं, वाच, थांबली काहून?' म्हणून ओरडायचे. मनात वाचते आहे म्हटलं तर म्हणायचे, 'मनातलं मले कसं आयकू येईन?' भूमितीचं प्रमेयसुद्धा मी त्या घरात ओरडून पाठ केलं आहे.

दहावीत शास्त्र घ्यायचं की नाही हे नववीच्या पहिल्या सहामाहीतच ठरे. मुलींनी गृहशास्त्र घ्यावं असं हेडमास्तरांचं म्हणणं. वर्गात आम्ही दोनच मुली. दुसरीने मुकाट्याने गृहशास्त्र लिहून दिलं. मी अडून बसले. शेवटी हेडमास्तर म्हणाले, शास्त्राचे दहीकर सर लेखी शिफारस देतील तर बघू. आणि दहीकर सरांनी त्याच आठवड्यात आलेखाची चाचणी घेतली. वर सांगितलेलीच रेघ: वर, सपाट, वर. बेचाळीस मुलांपैकी चाळिसांनी उत्तर लिहिलं, 'बंडी घाट चढली.' त्यात मीही होते. आम्हा सगळ्यांना यवतमाळच्या वाटेवरचा घाट माहीत, बैलबंडीतून उतरून चालावं लागतं तेही माहीत, म्हणून मी तर पुढे जाऊन लिहिलं की सपाटीवर बैलांना पाणी पाजलं. सरांनी ते वर्गात वाचून दाखवलं. पोरं हसली, ज्यांनी स्वतः घाटच लिहिला होता तीसुद्धा हसली. सरांनी खडू टेबलावर आपटला आणि म्हणाले, 'कागदावर घाट दिसला तुम्हाला? कागदावर वेळ दिसली नाही, अंतर दिसलं नाही, बैल दिसले!'

सर माणूस म्हणून चांगले होते. हे मला नीट सांगायचं आहे, कारण पुढे जे झालं त्यात त्यांची नियत वाईट नव्हती, आणि हेच मला जास्त छळतं. घरची शेती मोठी, ती त्यांचे थोरले भाऊ पाहायचे, त्यांना सगळे दादासाहेब म्हणत. सर शिकून आले आणि शाळेत लागले. मी शाळा सुटल्यावर त्यांच्यामागे गेले आणि रडवेल्या तोंडाने म्हटलं, सर, मला शास्त्रच पाहिजे. मग त्यांनी दप्तरातून आलेखाचा एक कोरा कागद काढला. छापील बारीक चौकटींचा तो हिरवट कागद तेव्हा मिळणं मुश्कील. म्हणाले, 'घोकंपट्टी नको. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली गती मोजून आण. खरी माणसं, खरी वेळ. आलेख बरोबर आला तर मी शिफारस लिहितो.' आणि दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या कपाटातलं गजराचं घड्याळ रुमालात बांधून माझ्या हातात दिलं. मी ते घरी नेलं तर बाबांनी आधी हात धुतले आणि मग त्याला हात लावला.

खरी गती कुठे पाहायची? माझ्यासमोर एकच होती. माय आणि आणखी पाच बाया त्या दिवसांत दादासाहेबांच्याच वावरात निंदणाला, तण काढायला, जात होत्या. कपाशीची पऱ्हाटी वीतभर झाली होती आणि गवत तिच्याहून उंच. निंदणाची रीत अशी की प्रत्येकीने दोन-दोन ओळी धरायच्या, त्याला पात म्हणतात, आणि बसल्या बसल्या खुरपं चालवत या धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, त्या धुऱ्यापर्यंत जायचं. सहाही जणी धुऱ्याला लागल्याशिवाय पुढची पात कुणी धरायची नाही. जी आधी पोचली ती पाणी पिते, पदराने वारा घेते, मागचीची वाट पाहते. मग सगळ्या मिळून पुन्हा बसतात. दादासाहेब संध्याकाळी येऊन किती पाती झाल्या तेवढं पाहायचे. कोण आधी पोचली, कोण मागे राहिली, हे वावराबाहेर कधीच जात नसे.

सरांनी भावाला विचारून परवानगी आणली. बाबांनी सुतळीचा लांब दोर वळला, शाळेच्या फूटपट्टीने मोजून वीस-वीस फुटांवर गाठ मारली, आणि रविवारी सकाळी आम्ही दोघांनी वावरात प्रत्येक गाठीशी एक तुराटी रोवली. बाबांना इतका हुरूप होता की प्रत्येक तुराटी रोवून झाली की दोन पावलं मागे जाऊन ती सरळ आहे का ते पाहायचे. मी धुऱ्यावर घड्याळ मांडीत घेऊन बसले. ठरलं असं की तुराटीजवळ पोचली की बाईने आपलं नाव ओरडायचं आणि मी वेळ लिहायची. बायांना मोठी गंमत वाटली. राधामावशी मात्र कुरकुरल्या. सगळ्यांत वयस्कर त्या, एकट्या राहायच्या, माझ्या मायच्या बाजूचीच पात नेहमी त्यांची. म्हणाल्या, 'माह्यं कायले लिहितं वं सुशे? मी बुढी बाई. माह्यं राहू दे.' मी म्हटलं, 'नाही मावशी, सहाच्या सहा पाहिजेत, नाहीतर सर म्हणतील अर्धवट आणलं.' माय त्यांच्याकडे पाहत होती. मग मला म्हणाली, 'आजच कराव लागते का हे? पुढच्या आयतवारी कर.' मी चिडले. घड्याळ सोमवारी परत करायचं होतं, हे तिला चार वेळा सांगून झालं होतं. ती म्हणाली, 'बरं बापा, लिही,' आणि खुरपं घेऊन बसली.

दोन तास वावरात नुसता नावांचा पुकारा चालला. 'शांता आली!' 'कमळी आली वं!' मधेच कुणी तरी दुसरीचं नाव ओरडून मला फसवायची आणि सगळ्या हसायच्या. मी धुऱ्यावरून बोंबलायचे, हसू नका, माझं गणित चुकते. बाजूने पाहिलं की सहा पाठी दिसायच्या, एकीच्या मागे एक झाकलेल्या, कोणाचा हात कुठे चाललाय ते कळायला मार्ग नाही. मला ते पाहायचंही नव्हतं. मला आकडे हवे होते. मायचं नाव कधी भराभर यायचं आणि कधी येईचना. मी हाका मारायचे, 'माय वं, कुठं राह्यली?' शेवटी सगळ्यांच्या मागून ती धुऱ्याला लागली. आमच्या पुऱ्यात, आमच्या वस्तीत, निंदणात जिचा हात सगळ्यांत चलाख म्हणून सांगायचे, ती शेवटची. मला तिचा राग आला. शेजारणीसमोर घरची भांडी वाजावीत तसं वाटलं.

घरी येऊन मी आलेख काढला. टोकदार पेन्सिल, सहा रेघा, प्रत्येकीच्या टोकाला सुवाच्य अक्षरात नाव. शांताची, कमळीची, इतर दोघींची, सगळ्या कमी-जास्त तिरप्या. राधामावशींची रेघ हळू पण सरळ चढत गेलेली, कुठे थांबा नाही. आणि मायची? उभीच्या उभी चढायची, मग सपाट. पुन्हा उभी, पुन्हा सपाट. असं तीन वेळा. चढ पाहिला तर सहाजणींत सर्वांत जास्त वेग तिचा, आणि नंबर शेवटचा. मी कागद तिच्यासमोर धरला. 'हे पाय, तीन डाव थांबली तू. काहून थांबली?' ती भाकरी थापत होती. 'कंबर मोडते न बापा,' म्हणाली आणि तव्यावरची भाकर उलटली. मी म्हटलं, कंबर मोडते तर मग मधे इतकी पळत कशी होतीस? त्यावर ती म्हणाली, 'जेव आता.'

सरांना आलेख फारच आवडला. वर्गात दाखवला. घाट लिहिणाऱ्या पोरांना उभं करून विचारलं, या वावरात कुठे घाट आहे का रे? वावर सपाट, रेघ चढती, कशी? आणि खरंच त्या दिवशी निम्म्या वर्गाच्या डोक्यात प्रकाश पडला. माझ्याही. चढ म्हणजे वेग, सपाट म्हणजे स्थिर, हे मला पुस्तकात वाचून कळलं नव्हतं ते मायच्या रेघेने कळलं. सर म्हणाले, रविवारी घरी ये, दादांना दाखवू, त्यांच्याच वावरातलं आहे.

मी धुतलेलं परकर-पोलकं घालून गेले. ओसरीच्या खाली उभी राहिले, वर ये असं कुणी म्हटलं नाही आणि मीही गेले नाही. दादासाहेब खुर्चीत सुपारी कातरत होते. मी कागद पुढे केला, तो त्यांनी माझ्या हातून घेतला नाही, सरांनी घेऊन त्यांना दिला. सर उत्साहाने समजावत होते, 'ही वेळ, दादा, हे अंतर. जेवढी रेघ उभी तेवढी चाल जास्त.' दादासाहेबांनी चष्मा लावला आणि रेघांच्या टोकाची नावं एकेक वाचली. हुशार माणूस. चाळीस पोरांना जे आठवडाभर कळलं नाही ते त्यांना सुपारीचं एक खांड संपेपर्यंत कळलं. त्यांचं बोट मायच्या रेघेवर थांबलं.

'अन् हे सखूची अशी काहून? मधात सपाट झाली.'

सर हसून माझ्याकडे वळले. वर्गात वळायचे तसेच. 'सुशीला, सांग. सपाट रेघेचा अर्थ काय?'

आणि मी हात मागे बांधून, ताठ उभी राहून, घरी बाबांसाठी वाचायचे तेवढ्या मोठ्याने उत्तर दिलं, 'स्थिर, सर. वेग शून्य.'

'शाबास,' सर म्हणाले.

'म्हंजे बसून राह्यली,' दादासाहेब म्हणाले. 'तीन डाव. अन् मी समजून राह्यलो का सहाच्या सहा काम करतेत.' ते रागावले नव्हते. कुंपणात भोक सापडलं तर माणूस जसा शांतपणे ते बुजवायचं ठरवतो, तसा त्यांचा आवाज होता. कागद सरांना परत दिला आणि वर म्हणाले, 'कामाचं आहे रे हे तुह्यं शास्त्र.' सरांचा चेहरा खुलला. थोरल्या भावाने त्यांच्या शास्त्राला कामाचं म्हटलेलं त्यांनी बहुधा पहिल्यांदाच ऐकलं असावं. त्यांनी तिथल्या तिथे शिफारस लिहून माझ्या हातात दिली.

सोमवारी सकाळी माय वावरात गेली आणि तासाभरात परत आली. खुरपं कोपऱ्यात ठेवलं आणि भांडी घासायला बसली. बाबांनी विचारलं तेव्हा म्हणाली, 'दादासायबानं नाई म्हटलं. सुशीच्या कागदात मी बसून राह्यली म्हनते.' बाबांच्या हातातला पीळ सुटला. मी तर ओरडलेच. अरे पण तुझीच चाल सगळ्यांत जास्त आहे, मी आत्ता जाऊन सांगते, चढ पाहा म्हणते, पण मग तू थांबलीस कशाला, मला एकदा सांग, थांबलीस कशाला? तिने राखेचे हात तसेच ठेवून दाराबाहेर पाहिलं, कुणी नाही याची खात्री केली आणि मग हळू आवाजात सांगितलं.

'राधामावशीले दिसत नाई. गवत कोनतं अन् पऱ्हाटी कोनती, कळत नाई तिले. मांगच्या साली चार झाडं कापली तिनं, मी मातीत पुरली. जिथं गवत दाट रायते तिथं तिच्या पातीतलं मी काढून देतो, मंग ती मोकळ्या जागी सरकते. म्हनून माह्यी पात तिथंच रायते.'

'मग तेच सांगते मी! बसली नव्हती म्हणून सांगते!'

'सांगशीन तं तिले कोन ठेवन?' तिने माझ्यावर नजर रोखली. 'पऱ्हाटी कापनाऱ्या बाईले कोन्या वावरात उभं नाई करत कोनी. मले दुसरीकडं काम भेटन. तिले नाई भेटत.'

'पण रोज तर मावशी मागे राहिल्या तरी चालायचं ना? सगळ्या थांबतातच धुऱ्यावर. त्या एका दिवशी सोडून द्यायचं होतंस!'

'त्याच दिवशी कशी सोडू वं? त्या दिवशी तं लिहून राह्यली होतीस तू.'

बाबा चिडून म्हणाले, 'तुह्यं आपलं असंच. घरचं सोडून गावाचं.' पण उठून दादासाहेबांकडे काही ते गेले नाहीत, आणि मलाही त्यांनी जाऊ दिलं नाही. मी मात्र धुमसत राहिले. मायवर चिडले, मावशींवर चिडले, सरांवर, दादासाहेबांवर, सगळ्यांवर चिडून झालं तेव्हा उरले मीच. सहा बायांनी मिळून वर्षानुवर्षं जी गोष्ट धुऱ्याच्या आत ठेवली होती, ती मी वीस-वीस फुटांवर तुराट्या रोवून, घड्याळ लावून, नावानिशी मालकाच्या ओसरीवर नेऊन दिली होती. आणि उत्तर बरोबर होतं. आज कुणी विद्यार्थी ते उत्तर देईल तर मीही पूर्ण गुण देईन. रेघेने सांगितलं की सखू तिच्या पातीत पुढे सरकली नाही. बसून राहिली हे रेघेने सांगितलंच नव्हतं. तेवढं एक वाक्य मला त्या ओसरीखाली सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी बोलता आलं नसतं, कारण मला तेव्हा खरं माहीतच नव्हतं.

माय तो सगळा हंगाम मारेगावच्या बाजूला आपल्या बहिणीकडे राहून निंदणाला गेली. पंधरा दिवसांनी एकदा यायची. त्या पावसाळ्यात अंबाडीची भाजी मी केली आणि बाबांनी ती निमूटपणे खाल्ली. राधामावशींना वावरात ठेवलं होतं, कागदावर त्यांची रेघ चांगली होती म्हणूनच ठेवलं असणार. शांता आता मायच्या जागी त्यांच्या बाजूची पात धरायची, हे मला नंतर कळलं. मला कुणी सांगितलं नाही. त्या बाया मला काही सांगेनाशा झाल्या होत्या.

सरांनी आलेख वर्गाच्या भिंतीला लावला होता. मी तो परत मागितला. ते म्हणाले, राहू दे, पुढच्या वर्षीच्या मुलांना दाखवीन. मी म्हटलं, 'नाही सर, मला पाहिजे,' आणि इतक्या तुटकपणे म्हटलं की त्यांनी चमकून पाहिलं. काय झालं, त्यांनी विचारलं. काय सांगणार? आई तुमच्या वावरातून निघाली, एवढं तर त्यांना माहीतच असेल. त्यापुढचं सांगायची मला बंदी होती. त्यांनी टाचण्या काढून कागद दिला आणि म्हणाले, 'जपून ठेव. चांगलं काम आहे.' मला तिथेच तो फाडावासा वाटला.

त्या आठवड्यात माय आली होती. तिचे पाय सुजलेले होते, बाबांनी विणायला आणलेल्या कुणाच्या तरी बाजेवर ती पाय लांब करून बसली होती. मी कागद आणि रबर घेऊन तिच्यासमोर बसले. सगळी नावं खोडून टाकायची असं मी ठरवलं होतं. माझ्या तावडीतून निदान नावं तरी सुटावीत. तिने विचारलं, यातली मी कोणती? मी दाखवली. तिने ती पायऱ्यापायऱ्यांची रेघ पाहिली. मग विचारलं, अन् बुढीची? मी राधामावशींची रेघ दाखवली. मायने खालपासून वरपर्यंत तिच्यावरून बोट नेलं, सावकाश, कुठेही न उचलता. दोनदा नेलं. तिला वाचता येत नव्हतं, घाट-डोंगर काहीही तिला त्यात दिसला नाही. मी रबराने शांताचं नाव खोडलं, कमळीचं खोडलं, मग मायचं खोडलं. मावशींच्या नावावर रबर ठेवलं तशी तिने माझं मनगट धरलं.

'बुढीचं राहू दे,' ती म्हणाली. 'कशी सरळ गेली पाय.'